पार्तेनीचा स्वतःचा आवाज

आमच्या धंद्यात माणसाचं नाव होतं ते दुसऱ्याची उचलेगिरी पकडून. माझं झालं पार्तेनीमुळे. हजारएक वर्षांपूर्वी या डोंगरातल्या मठात बसून त्याने आमच्या भाषेत एक प्रवचन लिहिलं, आणि त्यातलं काय कुठल्या ग्रीक संताकडून उचललंय हे शोधण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं. सोफियाच्या विद्यापीठात मला पाठीमागे 'फौजदार' म्हणतात. मला ते आवडतं, हेही सांगून टाकतो.

शेवटी एकच उतारा उरला. पार्तेनी म्हणतो, "यात माझं काही नाही. मी दारोदार फिरलेला भिकारी, झोळीतले तुकडे तुमच्यापुढे ठेवतो." याचं मूळ शोधायला मी व्हेनिस, पॅरिस, कुठकुठल्या पोथ्या चाळल्या. नाही म्हणजे नाही. तेव्हा मी जाहीर केलं की हे मात्र त्याचं स्वतःचं. या शोधावर मी इतका खूश झालो की पुस्तकाचं नावच 'पार्तेनीचा स्वतःचा आवाज' ठेवलं. सोमवारी ते छापायला जाणार होतं.

त्याआधीच्या बुधवारी पार्तेनीच्या स्मृतिदिनाला मठात माझं भाषण होतं. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. आम्ही विद्वान मंडळी मठात जातो ती उन्हाळ्यात. ग्रंथालयात शेगडी नसते, आणि उपासाच्या जेवणात तेलसुद्धा नसतं. या वेळी नाइलाज होता. गाडी ल्युबेनची. हा माझा वर्गमित्र. माझ्या प्रत्येक लेखावर त्याने शंका काढली आहे, आणि मला सगळीकडे नेतोही तोच.

भाषणाआधी जेवण. पुढ्यात घेवड्याचं पांचट सूप, पाव आणि व्हिनेगरमधल्या मिरच्या. जेवताना कुणी बोलायचं नसतं. एक साधू उभा राहून मोठ्याने वाचतो, आणि मठाधिपती घंटी वाजवीपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसून खायचं. उपासातल्या प्रत्येक दिवसाचा मजकूर ठरलेला. ते पुस्तक ग्रंथालयात नसतंच, जेवणघराच्या कपाटात असतं. मी माझं पहिलं वाक्य मनात घोळवत होतो. तेवढ्यात त्या साधूने रडक्या आवाजात वाचायला घेतलं की इजिप्तमधल्या एका वृद्ध तपस्व्याकडे शिष्यांनी उपदेश मागितला. तो म्हणाला, यात माझं काही नाही, मी दारोदार फिरलेला भिकारी.

चमचा माझ्या तोंडातच राहिला. मागोमाग झोळी आली, तुकडेही आले. समोर ल्युबेनने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश एक मिरची चावली. मला ओरडायचं होतं, निदान खोकायचं तरी होतं. पण घंटी अजून वाजायची होती, म्हणून मी घेवडा गिळत राहिलो. पार्तेनीनेही हे असंच जेवता जेवता ऐकलं असणार. आणि मी ते पॅरिसमध्ये शोधत होतो.

घंटी वाजल्यावर ल्युबेन कानाशी आला.

"मिरची फार तिखट होती रे. मला काही ऐकू आलं नाही."

म्हणजे त्याच्याकडून प्रश्न मिटला होता. मी गप्प बसलो असतो तर पुस्तक निघालं असतं, नाव राहिलं असतं. मला त्याचा भयंकर राग आला. आयुष्यभर टोचून बोलणाऱ्या माणसाने आज दया दाखवावी, हे काही मला सोसेना.

मी भाषणाला उभा राहिलो. सांगितलं की शेवटचा उताराही सापडला, आत्ताच, तुमच्या जेवणात. पार्तेनीचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही.

मला वाटलं, साधू हळहळतील. मठाधिपती एवलोगी उलट माझ्याकडेच जरा काळजीने बघत होते.

"पण ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय ना? तुमचा विश्वास नव्हता का बसला?"

मी भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले.

अंगणात येऊन मी प्रकाशनाला फोन लावला. नाव बदला, शेवटचं प्रकरण काढून टाका. संपादिका नेवेना वैतागली. म्हणाली, मग पुस्तकात तुमचं राहिलं काय? मी म्हटलं, ऋणनिर्देशातलं शेवटचं वाक्य राहू द्या. 'यातल्या चुका मात्र सर्वस्वी माझ्या.'

मागे ल्युबेन गाडीची किल्ली घेऊन उभा होता.

"ते वाक्यही आपल्या सरांचं आहे," तो म्हणाला.