आधी विचारलं होतं का?

गेले तीन आठवडे टेलरमास्तर घरात एक कागद लपवत होते आणि त्यांची आई तो शोधून काढत होती. मशीनचा खण झाला, अस्तरांचा गठ्ठा झाला, म्हातारीच्या नजरेतून काही सुटेना. कागद होता देहदानाचा. आईची वाकडीतिकडी सही झाली होती. खाली मुलाची तेवढी बाकी होती.

"तुला कुणीतरी गुंडाळलंय," मास्तर म्हणाले. "आज गोड बोलतील, उद्या तुला कुठे नेऊन विकतील पत्ता लागणार नाही!"

"मला विकणारा अजून जन्माला यायचाय," आई म्हणाली. "संग्रहालयात माणसांच्या शरीरांचं प्रदर्शन लागलंय. जा, बघून ये. मग बोल."

मास्तर निघाले ते चोर पकडायला निघाल्यासारखे. गळ्यातली टेपसुद्धा काढायची राहिली. आत काचेमागे माणसं होती. कातडी नाही, नुसते स्नायू. एक धावण्याच्या पवित्र्यात, एक स्टुलावर बसलेला. "सगळं मेण आहे," मास्तर पुटपुटले. लोक माना डोलावत होते, याचाही त्यांना संशय आला.

पण बसलेल्या माणसापुढे ते थबकले. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. मास्तरांनी चाळीस वर्षं मापं घेतली होती. पुतळा करणारा दोन्ही खांदे सारखे करतो. जगलेल्या माणसाचे ते कधीच सारखे नसतात. याला कोट शिवायचा तर उजवीकडे पॅड जास्त लागलं असतं. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माणूस खरा होता!

मग तर संशय आणखीच वाढला. दारापाशी देखरेखीला एक बाई होत्या, आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मास्तर तडक त्यांच्याकडे गेले.

"बाई, खरं सांगा. याला आधी कुणी विचारलं होतं का?"

बाई चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. सकाळपासून सगळे एवढंच विचारताहेत की फोटो काढू का!"

त्यांनी एक फाईल उघडली. पत्रातलं नाव झाकलेलं होतं, पण मजकूर त्या माणसाच्याच हातचा होता: माझा शिकण्यासाठी उपयोग करा.

"आणि ती कोपऱ्यातली काचेची पेटी रिकामी का?" मास्तर सहजासहजी सोडणारे नव्हते.

"तिथे एक बेवारस होता, जुन्या संग्रहातला. त्याचं पत्र खूप शोधलं, मिळालं नाही. मेलेला माणूस नाही म्हणत नाही, म्हणून तो हो म्हणाला असं होत नाही हो! आम्ही त्याला सन्मानाने निरोप दिला. ज्याचं शरीर, त्यालाच विचारायला हवं."

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. खिसा आत हवा की बाहेर, हे तीनदा विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या कापडाला ते कात्री लावत नसत. आणि आईला? तीन आठवडे तिचा कागद लपवला, पण तुला हे का हवंय, एवढं एकदाही विचारलं नव्हतं! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन ते आईसमोर बसले. "आई, तुला हे का करायचंय? सांग, मी ऐकतोय."

"कुणी पढवून पाठवलंय का तुला?" आईने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "तीस वर्षं शाळेत शिपाई होते मी. घंटा दिली, वर्ग झाडले. पोरं आत शिकायची, मी दाराबाहेर उभी. सही तेवढी शिकले. आता मेल्यावर तरी मला वर्गात जाऊ दे की रे!"

मास्तर उठले. त्यांनी कागद काढला आणि सही केली.

वाचकहो, संशय घ्यायला काहीच हरकत नाही. पण तो मनात कुजवू नका, त्याचा प्रश्न करा आणि ज्याचा देह त्यालाच विचारा. न विचारता कुणाचा देह घेणं हा जसा अन्याय, तसाच कुणी मनापासून देत असताना न विचारता त्याला अडवणं हाही अन्यायच! आपल्या घरातल्या माणसांना आजच विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

आईने तो कागद उजेडाकडे धरून दोनदा तपासला, सही खरी आहे ना याची खात्री केली आणि उशाखाली ठेवला.