ग्रिझेलबाईंच्या मोज्यातली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ऐटीत बसते तसली नव्हे हं! माझे तीन पाय मिटले की मी तुमच्या मुठीत मावते. पाठपिशवीत बसून डोंगरावर जायचे, गॅसच्या छोट्या डब्यावर चढायचे आणि पाणी उकळून द्यायचे, एवढेच माझे काम. पण या कामानेच मला एक असा दिवस दाखवला की तो आठवला तरी माझा पितळी देठ अजून ताठ होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पितळेचा देठ, पोलादाचे रुंद पाय आणि तोंडाभोवती उंच कडा, असा माझा अवतार. एका बाईने मला पेटवून पाहिले. माझी निळी ज्योत सरळ उभी राहिली. "चालेल," असे म्हणून तिने मला पुठ्ठ्याच्या डबीत टाकले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक, आणि बराच काळ तेच शेवटचेही होते.

कारण पुढे मी स्कॉटलंडमधल्या पीबल्स गावी, डोंगरसामानाच्या एका दुकानात जाऊन पडले. माझ्या शेजारच्या खुंटीवर टायटॅनियमची एक शेगडी होती. अंगाने नाजूक, वजनाला पिसासारखी, किंमत माझ्या चौपट. गिऱ्हाइके तिला दोन बोटांत उचलत, "वाहवा!" म्हणत. मग मला हातात घेत आणि लगेच खाली ठेवत. मला वाईट वाटे. पण खोटे कशाला बोलू? ती खरोखरच देखणी होती.

एके दिवशी दुकानात दोघेजण भांडत भांडत शिरले. पुढे साठीच्या ग्रिझेलबाई. जन्म मेंढपाळाच्या घरातला, सारी उमर लोकरीच्या गिरणीत गेलेली, आणि पाय मात्र हरणाचे. मागे त्यांचा जावई फर्गस. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि कोणत्याही वस्तूचे वजन केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

भांडण होते ते डोंगरशर्यतीवरून. ही शर्यत जोडीने धावायची असते, दोन दिवस. तंबू, जेवण, शेगडी, सगळे आपल्याच पाठीवर. मधल्या दरीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायचे. ग्रिझेलबाई दर वर्षी आपल्या लेकीबरोबर, कर्स्टीबरोबर, धावत. दर वर्षी प्रौढांच्या गटात त्यांचा दुसरा नंबर येई आणि पहिला टुलक नवरा-बायकोचा. यंदा कर्स्टीला दिवस गेले होते, म्हणून तिच्या जागी फर्गस आला होता. सासूबाईंना हा जावई फारसा पसंत नव्हता. "पोरगा गुणी आहे, पण डोंगरावर त्याला घेऊन जायचं म्हणजे काचेचं भांडं घेऊन जाण्यासारखं आहे," असे त्या चारचौघांत म्हणत.

"सासूबाई, ही बघा," फर्गसने टायटॅनियमची शेगडी उचलली. "हातात आहे हे कळतसुद्धा नाही!"

"किंमत वाचलीस का? ती बरोबर कळते." ग्रिझेलबाईंनी मला उचलले. "ही घे. पाय बघ कसे रुंद आहेत."

"हिचं वजन जास्त आहे. एका अंड्याएवढं!"

"मग सकाळी एक अंडं कमी खा."

काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. शेवटी सासूने एक शेगडी घेतली, जावयाने दुसरी, आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांतून आम्ही एकाच घरी गेलो.

घरामागच्या अंगणात आमची परीक्षा झाली. परीक्षक कर्स्टी, पोटावर हात ठेवून खुर्चीत बसलेली. वारा पडलेला होता. आम्हा दोघींवर सारखेच पाणी ठेवले आणि माझ्या शेजारणीने ते माझ्याआधी उकळवले. मी जीव तोडून जळत होते, पण हरले.

"आई, ही हलकी आहे आणि झटपटही आहे," कर्स्टी म्हणाली. "फर्गसचीच न्यायची."

"वारा कुठाय आज?" ग्रिझेलबाई पुटपुटल्या. पण लेकीचा शब्द त्यांनी मोडला नाही.

फर्गस हरखला. त्याने सगळे सामान ताजव्यावर घातले. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या कापल्या. टूथब्रशचे दांडे तोडले. सासूबाईंचा कंगवासुद्धा त्याने अर्धा केला. "अहो, अर्ध्या कंगव्यानेही केस विंचरता येतात," तो समजावू लागला. ग्रिझेलबाईंनी तो अर्धा कंगवा केसांत खोवला. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मला आणि गॅसचा एक लहान डबा एका जाड लोकरी मोज्यात घातले आणि मोजा पाठपिशवीच्या तळाशी सारला. नापास झालेली मी अशी चोरवाटेने शर्यतीला निघाले!

शर्यत गॅलोवेच्या डोंगरांत होती. मे महिना असला तरी आभाळ शिशासारखे झाले होते. सुरुवातीच्या रेषेवर इनेस टुलक भेटली. उंच, सडपातळ, जिभेने तिखट.

"काय ग्रिझेल, यंदा नवा घोडा का?"

"शिंगरू आहे अजून," ग्रिझेलबाई म्हणाल्या. "पण दात चांगले आहेत."

फर्गसचे कान लाल झाले. इनेसचा नवरा गॅव्हिन मिशीतल्या मिशीत हसला. शिट्टी वाजली आणि सगळे उधळले.

मित्रांनो, मोज्याच्या आतून मला काही दिसत नव्हते, पण ऐकू सगळे येत होते; उरलेले मागाहून त्यांच्याच गप्पांतून कळले. चढावर फर्गसचा भाता जोरात चालायचा. उतारावर त्याचे पाय लटपटायचे. "पायाकडे बघू नकोस, पुढे बघ!" सासूबाई ओरडायच्या. दुपारी बर्फ मिसळलेला पाऊस आला. तो थेट मोज्यापर्यंत झिरपला. तरीही ते दोघे थांबले नाहीत. मुक्कामाच्या दरीत पोचले तेव्हा टुलक जोडी त्यांच्या जेमतेम काही मिनिटे पुढे होती.

"आत्तापर्यंत इतक्या जवळ कधी आलो नव्हतो," ग्रिझेलबाई म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून फर्गससाठी पहिल्यांदाच 'शाबास' ऐकले.

अजून चांगला उजेड होता. फर्गसने दगडाच्या आडोशाला आपली शेगडी पेटवली. छोट्या भांड्यात चहा झाला, मग बार्लीचे सूप झाले. तिने काम चोख केले. मी तळाशी मोज्यात पडून राहिले. मनात आले, मी नुसते ओझेच झाले आहे.

तेवढ्यात पलीकडच्या तंबूतून इनेसचा आवाज आला. तो नेहमीसारखा तिखट नव्हता. "गॅव्हिन, डोळे उघड. ए, माझ्याकडे बघ!"

फर्गस धावत गेला आणि तसाच परत आला. शेवटचा ओढा ओलांडताना गॅव्हिन पाण्यात पडला होता. पाठपिशवी खडकावर आपटून त्यांच्या शेगडीची गॅस सोडायची चावी मोडली होती. कोरडे कपडे घालूनही गॅव्हिनला हुडहुडी थांबत नव्हती. त्याला आता शब्दही नीट फुटत नव्हते. जेवण पिशवीत होते, पण ते शिजवायला विस्तव नव्हता.

"त्यांनी शर्यत सोडली, तर..." फर्गस म्हणाला. पुढचे न बोलताही कळत होते. इतक्या वर्षांनी पहिला नंबर आपोआप ग्रिझेलबाईंच्या पदरात पडणार होता.

"तर काय?" ग्रिझेलबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले.

"तर काही नाही. मी शेगडी घेऊन चाललो."

आणि खरेच, त्याने आपली लाडकी शेगडी उचलली आणि तो टुलकांच्या तंबूकडे पळाला. पण त्यांचा तंबू उघड्यावर होता. वारा आता चांगलाच उठला होता. टुलकांचे भांडे पसरट होते आणि त्या नाजूक शेगडीचे पाय अगदीच इवलेसे. भांडे कलंडले. पाणी सांडले. पुन्हा भरले, तर ज्योत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. इनेसची बोटे गारठून बधिर झाली होती, तिला भांडे धरवेना.

तेव्हा ग्रिझेलबाईंनी पाठपिशवी उपडी केली. मोजा काढला. मोज्यातून मी निघाले.

फर्गस बघतच राहिला. "सासूबाई! अख्खी शेगडी? माझ्या कंगव्याचे... तुमच्या कंगव्याचे मी दोन तुकडे केले, आणि तुम्ही अख्खी शेगडी आणलीत?"

"नंतर ओरड. आधी वाऱ्याला आडवा हो!"

तो वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला. ग्रिझेलबाईंनी मला गॅसच्या डब्यावर बसवून डबा ओल्या गवतात घट्ट रोवला, माझे पाय उघडले, काडी लावली. वाऱ्याने माझ्यावर झडप घातली. ज्योत आडवी झाली, निळ्याची पिवळी झाली. पण माझ्या तोंडाभोवतीच्या कडेने तिला सांभाळले. पसरट भांडे माझ्या तिन्ही पायांवर बसले ते हललेसुद्धा नाही. मित्रांनो, अंगणात मी हरले होते. इथे मी हरणार नव्हते! मी अशी जळले, अशी जळले की माझा देठ थरथरू लागला. आणि भांड्याच्या तळाशी पहिला बुडबुडा सुटला.

माझ्या आडोशाला फर्गसने आपली शेगडीही पुन्हा पेटवली. तिच्यावर त्याने टुलकांच्याच चहाचा एक लहानसा पेला ठेवला. ती झटपट होतीच. तिच्या पेल्यातला गोड चहा आधी गॅव्हिनच्या पोटात गेला, आणि मागून माझ्यावरची गरमागरम ओटची लापशी. जिची मी इतके दिवस असूया केली, तिच्या शेजारी जळताना मला पहिल्यांदा बरे वाटले.

हळूहळू गॅव्हिनच्या गालांवर रंग आला. त्याने पहिला धड शब्द उच्चारला तो असा: "मीठ कमी आहे."

इनेस रडता रडता हसली. "हा वाचला!"

पिवळ्या कोटातली पंच बाई हे सगळे उभी राहून बघत होती. शर्यतीत दुसऱ्याची मदत घेतली की बाद करतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. इनेसने मान खाली घातली. "आम्ही बाद ना?"

"जेवण कुणाचं होतं?" पंच बाईने विचारले.

"आमचंच."

"मग नुसता विस्तव मागितलात. गारठलेल्या माणसाला विस्तव दिला, तर त्याला मी मदत म्हणत नाही. सकाळी शर्यतीच्या डॉक्टरांनी याला बघितलं आणि हो म्हटलं, तर पळा."

आपल्या तंबूत परतल्यावर फर्गसने ओले बूट काढले. मग त्याने आपल्या पाठपिशवीच्या तळातून कापडात बांधलेले काहीतरी काढले. तो सुकामेवा घातलेल्या केकचा जाडजूड तुकडा होता. माझ्यासारख्या चार शेगड्यांइतका तरी जड.

"कर्स्टी म्हणाली होती, डोंगरावर तुम्हाला हाच लागतो," तो म्हणाला. "मी याचं वजन केलं नाही."

ग्रिझेलबाईंनी केककडे पाहिले, जावयाकडे पाहिले. "गाढवा," त्या म्हणाल्या. पण इतक्या मायेने की मला वाटले, आता याला मुलगाच म्हणतात.

सकाळी डॉक्टरांनी गॅव्हिनला तपासले आणि हसून त्याची पाठ थोपटली. टुलक जोडी निघाली. मागोमाग, नियमाप्रमाणे काल जितकी मिनिटे मागे होतो तितक्याच मिनिटांनी, आमची जोडी. या वेळी मी मोज्यात नव्हते. फर्गसने मला स्वतःच्या हाताने पाठपिशवीच्या वरच्या जाळीत ठेवले होते. मला सगळे जग दिसत होते!

शेवटच्या डोंगराच्या माथ्यावर आलो तेव्हा टुलक खाली कुंपणालगतच्या पायवाटेने वळसा घालून उतरताना दिसले. समोर उभा उतार होता, नेच्यांनी आणि हेदरच्या झुडपांनी भरलेला. फर्गसचा चेहरा पांढरा पडला.

"इथून?"

"इथूनच. लहानपणी मी मेंढ्यांच्या मागे असल्याच उतारावरून पळायचे. टाचा रोव. हात दे."

त्याने डोळे मिटले, उघडले आणि हात दिला. दोघे सुटले! झुडपे सपासप मागे पडत होती. भांड्यावर आपटून मी खणखण वाजत होते. फर्गस ओरडत होता. आधी मला वाटले, भीतीने ओरडतोय. मग कळले, तो आनंदाने ओरडतोय. खालच्या कुरणात दोन्ही जोड्या एकदमच उतरल्या. इनेसने मागे वळून पाहिले आणि वेग वाढवला. गॅव्हिनही कालचा गॅव्हिन राहिला नव्हता. तो घोड्यासारखा दौडत होता. कडेला कर्स्टी दोन्ही हात वर करून ओरडत होती, "आई, पळ! फर्गस, पळ रे!"

शेवटच्या चार ढांगा, मित्रांनो! शेवटच्या चार ढांगांत आम्ही पुढे गेलो. फर्गस रेषेपलीकडे पालथा पडला आणि त्याच्या पाठीवर मी तेवढी ताठ उभी होते.

इनेस धापा टाकत आली. तिने ग्रिझेलबाईंना मिठी मारली. "वेडी आहेस तू. काल आम्हाला गारठू दिलं असतंस, तर आज चालत येऊन जिंकली असतीस."

"मग हरवलं कुणाला असतं मी?" ग्रिझेलबाई म्हणाल्या.

सासू-जावयाला दोन कानांचा चांदीचा वाडगा मिळाला. तो काठोकाठ भरून सगळ्यांत फिरला. इनेस आणि गॅव्हिननेही त्यातून एकेक घोट घेतला. ग्रिझेलबाईंनी मला त्या वाडग्याशेजारी ठेवले, आणि लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पुढे मलाही वाईट दिवस आले. लापशीचा एक कण माझ्या नळीत अडकून राहिला, कुणाच्या लक्षात आले नाही, आणि मी एक अख्खा हिवाळा कोठीघरात, गंजत पडले. मला टाकून द्यायचे ठरत होते. फर्गसनेच मला परत आणले. बारीक तारेने नळी मोकळी केली, पाय पुसले, जोडाला तेलाचा थेंब दिला. काडी लावली आणि माझी ज्योत पुन्हा सरळ उभी राहिली.

म्हणून मित्रांनो, तुम्ही कधी शेगडी घ्यायला गेलात, तर किमतीची चिठ्ठी सगळ्यात शेवटी वाचा. वारा कसला असेल, भांडे केवढे आहे, पाठीला किती पेलेल आणि तुमच्या सोबत कोण आहे, हे आधी बघा. मग स्वस्त घ्या नाहीतर महाग घ्या. पण घेतलीत की तिला जपा. तिची नळी साफ ठेवा, ओली पुसल्याशिवाय मिटू नका. आणि शेजारच्या तंबूतून कुणी विस्तव मागितला, तर तो स्पर्धक आहे की मित्र, हे विचारत बसू नका. आधी पाणी उकळत ठेवा. शर्यत काय, ती सकाळी जिंकता येते. आम्ही जिंकली आहे!