लीलाधरचा हात

संध्याकाळचे सात वाजायला आले की सुनंदा आधी कमळच्या कपाळाला हात लावून बघायची, मग शेजारच्या सुपडूच्या पिठाच्या गिरणीकडे कान द्यायची आणि मगच रेडिओपुढे बसायची. कमळ दोन वर्षांची, आणि बारा महिने खोकणारी. म्हणून सुनंदा हेडफोनची एकच वाटी कानाला लावी. दुसरी मागे सारलेली असे, पोरीच्या श्वासासाठी.

गिरणीची मोटर चालू असली की रेडिओत नुसती खरखर. कढईत लाह्या फुटाव्यात तशी. पहिल्यांदा ती सुपडूला सांगायला गेली तेव्हा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून तो म्हणाला होता, "वहिनी, तुमना रेडिओसाठे मी गिरणी बंद करू, तर बठ्ठा गाव मना नावनी बोंब मारी!" पण त्या पेटीत लीलाधर मास्तर ऐकू येतात हे कळलं, आणि सात ते साडेसात तो आपणहून मोटर थांबवू लागला. दळणाला आलेल्या बायकांनाच दटावायचा, "चूप बसा, मास्तर बोली राहिनात."

मास्तर बोलत नव्हते, हे सुपडूला समजावण्यात अर्थ नव्हता. ते तारेची कळ दाबत होते, दूर पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर कुठेतरी. इथे जळगावात पोचायच्या त्या लांब-आखूड शिट्ट्या. पाच-पाच अक्षरांचे पुंजके, सगळे लष्कराच्या सांकेतिक भाषेतले. त्यांचा अर्थ सुनंदाला कळत नव्हता आणि तो तिला नकोही होता. तिला फक्त हात ओळखायचा होता.

लीलाधर हायस्कुलात सायन्स शिकवायचा. लढाईच्या आधी दोन वर्षं त्याने बिनतारी संदेशाचा हौशी परवाना काढला होता, स्वतःच्या हाताने संदेश पाठवायचं यंत्र बांधलं होतं आणि गच्चीपासून समोरच्या लिंबापर्यंत तार ताणली होती. सुनंदा पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. नव्या नवरीला नवऱ्याचा हा नाद आधी सवतीसारखाच वाटला. मग एका उन्हाळ्यात ती लांब-आखूड शिट्ट्यांची ती लिपी शिकली, आणि सवतीशी मैत्री झाली.

धुळ्याचे पितांबरभाऊ, घड्याळं दुरुस्त करणारे, हे त्याच नादातले दुसरे. दोघांची गंमत अशी की लीलाधरचा संदेश न्यूझीलंडला खणखणीत पोचायचा आणि साठ मैलांवरच्या धुळ्याला मुळीच नाही. लहर वर आभाळात जाते, तिथून परतते आणि हजार मैलांवर उतरते. मधली गावं कोरडी. पितांबरभाऊंनी एकदा कार्ड टाकलं होतं, "आपला संदेश धुळ्याच्या डोक्यावरून गेला. पुढचा बैलगाडीने पाठवावा."

लढाई सुरू झाली. सगळ्या हौशी लोकांचे परवाने रद्द झाले, पाठवायची यंत्रं सरकारजमा झाली. ऐकायचा रेडिओ तेवढा राहिला. लीलाधरही लष्करात भरती झाला; आधी त्याने जबलपूरला नव्या पोरांना ती लिपी शिकवली, आणि त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर त्याला पूर्वेकडे धाडलं.

त्यानंतर महिन्याभराने, डायल फिरवता फिरवता, सुनंदाचा हात थांबला. चालण्यावरून माणूस ओळखावा तसा कळेवरून माणूस ओळखता येतो. हौशी लोक त्याला 'हात' म्हणतात. इंग्रजी क्यू या अक्षराची शेवटची रेघ लीलाधर जराशी ओढायचा. काहीतरी सांगायला तोंड उघडावं आणि राहू द्यावं, तशी. त्या संध्याकाळी ती रेघ ओढलेली आली. सुनंदाने तोंडात पदर धरला, आणि पहिल्यांदा मागे वळून पाहिलं ते पोरगी उठली तर नाही ना म्हणून.

"आत्याबाई, हे आहेत."

सासू, यशोदाबाई, तांदूळ निवडत होत्या. "कोठी?"

"ह्यात. मी ओळखते."

यशोदाबाई उठल्या, पेटीजवळ आल्या आणि लाकडावरून हात फिरवला. "जेवला का म्हणा."

तेव्हापासून रोज साडेसातला त्यांचा एकच प्रश्न असे, "आज बोलला का व?" आणि सुनंदाने हो म्हटलं की त्या ताटावर बसत. आधी नाही.

फेब्रुवारीत नऊ दिवस तो हात आला नाही. सुनंदा घाबरली, पण लहरींचं तंत्र तिला ठाऊक होतं. असे दिवस येतात, आभाळच परत पाठवत नाही. दहाव्या दिवशी सातला हात लागला. जरा अवघडलेला, थंडीने आखडल्यासारखा. पण क्यूची शेपटी तीच.

होळीच्या सुमाराला लष्कराचं पत्र आलं. हवालदार लीलाधर बेपत्ता. तारीख फेब्रुवारीतली. बोदवडहून थोरले दीर जीवरामभाऊ धावत आले आणि ओसरीवर डोकं धरून बसले. सुनंदाने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घातली.

"भाऊ, हे पत्र शिळं आहे. मी त्यांना काल ऐकलंय."

"अगं, सरकारचं पत्र आहे."

"सरकारला काय कळतं? काल ऐकलं, परवा ऐकलं. आज तुम्ही पण बसा."

जीवरामभाऊंना त्या शिट्ट्यांतलं काय कळणार? म्हणून तिने पितांबरभाऊंना धुळ्याहून बोलावलं. ते आले, हेडफोन लावला, डोळे मिटले. सात वाजून वीस मिनिटांनी त्यांनी चष्मा काढून पुसला. "हाच तो. क्यूची ही लाडिक शेपटी दुसऱ्या कोणाची? सरकार खुशाल म्हणो बेपत्ता. पोस्ट उशिरा येतं, लहर उशिरा येत नाही."

दोन जाणत्यांनी सांगितल्यावर घराने ते पत्र देवघराच्या फडताळात टाकलं. कोणी सांत्वनाला आलंच तर यशोदाबाई दारातूनच म्हणत, "रडायला आलात का? मंग परत जा. माझा लेक रोज बोलतो." सुनंदा रोज कुंकू लावी. कधी ते लावताना सांडलं तर सात वाजेपर्यंत ती कशाला शिवत नसे. सातनंतर सगळं ठीक होई. असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

दिवाळीनंतर हात पुन्हा थांबला. एक आठवडा, दोन आठवडे.

"आज बोलला का व?"

"थंडी पडायला लागली ना आत्याबाई. थंडीत कधी कधी संध्याकाळी लहरी डोक्यावरून निघून जातात. आपण मधले कोरडे. ते तिकडे आहेतच."

यशोदाबाई ताटावर बसत, पण अर्धी भाकरी ठेवून उठत.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दारात एक लष्करी गणवेशातला पोरगा उभा राहिला. वीस-एकवीस वर्षांचा, उन्हाने आणि हिवतापाने काळवंडलेला. टोपी हातात.

"मी छगन. पाचोराना. जबलपूरले मास्तरनी आमले शिकाडं. नंतर तिकडे बी त्यास्ना हाताखालीच व्हतू."

सुनंदाने त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. यशोदाबाई आत भाकरी टाकायला धावल्या. लेकाच्या बरोबरचा पोरगा, उपाशी कसा जाऊ द्यायचा?

"कसे आहेत ते?" सुनंदाने विचारलं.

छगनने पेला खाली ठेवला. "अक्का, तुमले पत्र नही भेटनं का?"

"भेटलं. बेपत्ता म्हणून. चुकीचं होतं."

तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला, मग मान खाली घातली. "शिवरात्रना दोन दिवस पहिले नदी उतरी राहिंतू आम्ही. पुढली नाव पलटी गई. मास्तर त्या नावमा व्हतात, यंत्र पोटशी धरीसन. मना डोयासमोर गयात, अक्का. सापडनात नही, म्हनीसन सायबनी बेपत्ता लिखं."

सुनंदा शांतपणे म्हणाली, वर्गातल्या चुकणाऱ्या पोराला सांगावं तसं, "नाही. तू दुसऱ्या कोणाला पाहिलं असशील. मी त्यांना दिवाळीपर्यंत ऐकलंय. रोज."

"ऐकं? कसं?"

"रेडिओवर. संध्याकाळी सात वाजता. त्यांचा हात मी झोपेतही ओळखेन."

छगन आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होता. मग म्हणाला, "सातनी पाळी मनी शे. मास्तर गयात, नऊ दिवसमा नवं यंत्र उनं, त्यास्नी जागा माले दिनी. दिवाळीले माले सुटी भेटनी, तवयपासून तठे दुसरा शे."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सुनंदा उठली. सरावासाठी लीलाधरने केलेला, बॅटरीवर वाजणारा बझर कपाटात होता; तो तिने आणला, कळ छगनपुढे ठेवली.

"वाजव."

"काय वाजू?"

"काहीही. क्यू येऊ दे त्यात."

छगनने मनगट सैल सोडलं. पाच अक्षरं, पुन्हा पाच. तिसऱ्या पुंजक्यात क्यू आला आणि त्याची शेवटची रेघ जराशी ओढली गेली. काहीतरी सांगायला तोंड उघडावं आणि राहू द्यावं, तशी. सुनंदाने डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांपुढे लीलाधर होता. उघडले तर छगन.

"अशी का ओढतोस रेघ?"

"मास्तर सांगेत. खरखरमा बाकी बठ्ठं बुडी जास, पन शेपटी लांब राहिनी तं क्यू वाची जास. आमना बठ्ठा वर्ग अशीच ओढस, अक्का. चाळीस जन."

चाळीस जण. सुनंदाच्या डोक्यात आला तो नुसता आकडा. दोन महिने त्यांचा हात, आठ महिने ह्याचा. मधल्या नऊ दिवसांच्या शांततेत नवरा गेला होता, आणि तिने ती आभाळाच्या नावावर घातली होती. अवघडलेला हात तिने ऐकला होता, नीट ऐकला होता. शिकाऊ पोराचा होता तो. न शिकलेली बाई असती तर सरकारी पत्रावर विश्वास ठेवून तिने तेव्हाच रडून घेतलं असतं.

कमळ आत खोकली. सुनंदा उठून तिला घेऊन आली, तिची पाठ चोळत राहिली.

"मायले मी सांगू का?" छगनने हळूच विचारलं.

"नाही. ते आहेत हे मी सांगितलं होतं, आता नाहीत हेही मीच सांगते."

यशोदाबाई चुलीपुढे होत्या. तव्यावर भाकरी फुगत होती. सुनंदाने कमळला खाली ठेवलं, सासूच्या बाजूला बसली आणि सरळ सांगितलं. लहरी, आभाळ, शेपटी, काही नाही. "ते शिवरात्रीच्या आधीच गेले. मी ऐकलं तो हा पोरगा होता. मी चुकले, आत्याबाई."

यशोदाबाईंनी भाकरी उतरवली. दुसरी थापायला घेतलेला गोळा परातीत परत ठेवला. हाताचं पीठ झटकलं.

"किती महिने झाले?"

"आठ."

"आठ महिने," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आठ महिने माझं लेकरू बिनपाण्याचं राहिलं. दहावा नाही, पिंड नाही. पितरपाटा आला तसा गेला, सगळ्यांच्या पितरांना घास ठेवले मी, त्याला नाही ठेवला. त्याने दारापर्यंत येऊन पाहिलं असेल व, सुनंदा. मायनं मला बोलावलंच नाही म्हणाला असेल. आणि मी इथे ताटावर बसून विचारते, बोलला का, बोलला का."

सुनंदाने त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत, आणि तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने त्याच हाताने त्यांनी छगनचं ताट वाढलं. पोरगा रडत रडत जेवला.

जीवरामभाऊंनी बोदवडहून येऊन सगळं केलं. गिरणा नदीच्या काठी दर्भाचा लीलाधर करून त्याला अग्नी दिला. देह सापडला नाही म्हणजे असंच करतात. पितांबरभाऊ आले होते, दूर उभे राहिले. जाताना सुनंदाला म्हणाले, "मीच चष्मा पुसत हो म्हटलं." तिने मान हलवली. दोष वाटून घेतल्याने तो निम्मा होत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

रेडिओवर तिने धुतलेलं फडकं टाकलं. सुपडू मात्र सातला मोटर थांबवत राहिला. सवयीने म्हणा, नाहीतर कोणी त्याला पुन्हा सुरू कर म्हणायला गेलं नाही म्हणून म्हणा. त्या अर्ध्या तासात घर फार मोठं व्हायचं. यशोदाबाई सुनेशी कामापुरतं बोलत: मीठ, पाणी, पोरीचा काढा.

पौषात एकदा मोटर थांबली आणि यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"तो पोरगा पोचला का परत?"

"महिना झाला असेल."

"आई आहे ना त्याला?"

"आहे. भिकुबाई, जेवताना सांगितलं त्याने. पाचोऱ्याला असतात."

"तिला हे समजतं का, पेटीतलं?"

"नाही."

"मंग तिच्यासाठी तू बस."

सुनंदाने फडकं काढलं. कमळच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. एक वाटी कानाला, दुसरी मागे. डायल त्या खुणेवर आली. खरखर होती, खूप दूर कोणतं तरी गाणं होतं, मध्ये कोणाची तरी घाईघाईची, अनोळखी कळ. सातची पाळी कुठेच नव्हती. ती पाच मिनिटं थांबली, दहा, वीस. केसाएवढी डायल इकडे, केसाएवढी तिकडे.

"काय व?"

"ऐकू येत नाही, आत्याबाई."

"थंडीनं का?"

थंडीने असेल. पाळी बदलली असेल. तुकडी पुढे सरकली असेल. कारणं जिभेवर रांगेने उभी होती, आणि सगळी खरी असू शकत होती.

"माहीत नाही," सुनंदा म्हणाली.

यशोदाबाईंनी मान डोलावली. कमळला उचलून मांडीवर घेतलं आणि कित्येक दिवसांनी सुनेच्या शेजारी, भिंतीला टेकून बसल्या. पलीकडे गिरणी पुन्हा सुरू होईपर्यंत तिघी तशाच बसून होत्या.