बाटलेलं भस्म

ते साल २०२३. कळमन्याच्या बाजारामागच्या शेडमध्ये गुडघे धरून आलेली माणसं आठवड्याभरात ताठ चालू लागत. धोंडबा महाराज पुडी उंचावून ओरडत, "डॉक्टर हाड कापते, मी दुखणं कापतो! पण भस्म डॉक्टरले दाखवलं, का बाटलं!"

जिजाबाईंनी तर सत्यवतीबाईंच्या दारातच काठी फेकली. दोघी शाळेत एकाच बाकावरच्या. सत्यवतीबाई निवृत्तीनंतरही शिकाऊ डॉक्टरांना वैद्यकीय कायदा शिकवत.

"पाहून राहिली ना वं? सांग तुह्या पोट्ट्यायले, दवाखाने बंद करा!"

"तोंड काहून सुजलं वं तुहं?"

"सुजलं नाही, तेज आलं!"

"एक पुडी दे मले, तपासाले."

"अन् बाटवू?"

नवरात्रात महाराज मौन धरत, पुड्या बंद होत. भक्त अंथरूण धरत, आणि भस्माची महती आणखी वाढे. त्या नवरात्रात जिजाबाई ओकत कोसळल्या. दवाखान्यात वरिष्ठ डॉक्टर खेकसले, "कोणत्या बाबाचं खाल्लं? अक्कल नाही तुम्हा लोकांना!" जिजाबाईंनी ओठ मिटले. शिकाऊ डॉक्टर मिनल हळूच विचारू लागली, तर तिला दुसऱ्या खाटेकडे पिटाळलं. नुसतं सलाईन लागलं.

सत्यवतीबाई पोचल्या तेव्हा मैत्रिणीचे हात गार पडले होते.

"बाटलं तर बाटू दे वं," जिजाबाई पुटपुटल्या. "पदराले पुडी हाय."

सुजलेला चेहरा, अचानक बंद झालेली पुडी, मिनलला उमगलं. ती इंजेक्शन आणायला धावली. उशीर झाला होता.

तपासणीत राखेत स्टेरॉईडच्या गोळ्यांची पूड निघाली. मिनलनं शेडसमोर उभं राहून भक्तांना सांगितलं, "ही पूड सूज दाबते, म्हणून गुडघे चालतात. पण शरीर स्वतःचं तेच द्रव्य बनवणं थांबवतं. पुडी एकदम बंद झाली की रक्तदाब कोसळतो. नवरात्रात अंथरूण धरता, ती भस्माची ताकद नाही, त्याचा घाव आहे. पुडी घाबरून फेकू नका. डॉक्टरला दाखवा, हळूहळू सोडवू."

"दाखवलं का डॉक्टर शिव्या देते ना, बाई!" एक म्हातारा म्हणाला.

धोंडबावर खटला चालू आहे. त्या वरिष्ठ डॉक्टरांची चौकशी झाली, बदली झाली. मिनल आता तालुक्याच्या दवाखान्यात असते, खाटेवर टेकून विचारते, "आजी, आणखी काय घेता? मी रागावणार नाही."

सत्यवतीबाई पहिल्याच तासाला सांगतात, "तपासणीला भितं ते औषध नव्हे. आणि ज्याला पेशंट भितो, तो डॉक्टर नव्हे."

वर्गात त्या हळूहळू चालत येतात. गुडघे त्यांचेही दुखतात. हातात जिजाबाईंची काठी असते.