सुलाबाईंची गिरणी भंगारात गेली नाही

मित्रांनो, हे घडलं २०२२ साली. मी म्हसवडची एक जुनी पिठाची गिरणी आहे आणि त्या वर्षी मला भंगारात घालायला निघाले होते. गेले नाही, म्हणून तर बोलते आहे.

केरबा फौजेतून पेन्शनीवर आले आणि त्यांनी मला पत्र्याच्या खोलीत बसवलं. सिद्धनाथाच्या यात्रेआधी माझ्यापुढे डब्यांची रांग लागे. "केरबाच्या गिरणीच्या पिठाची भाकरी चिरत न्हाई," असं बायका म्हणत. एवढ्या खडखडाटातही मला ते बरोबर ऐकू येई. केरबा गेल्यावर त्यांच्या पत्नी सुलाबाई माझा पट्टा चढवू लागल्या. पुढे घरोघरी छोट्या चक्क्या आल्या आणि माझ्यावर पिठापेक्षा धूळ जास्त बसू लागली.

त्या वर्षी माझी मोटर जळाली. नवी मोटर आणि मिरची कांडायचं यंत्र घ्यावं म्हणून सुलाबाईंनी बँकेत कर्ज मागितलं. बँकेनं नकार दिला. क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीतली त्यांची पत, पार घसरली होती. कारण भाऊबीज. काही वर्षांमागे ओवाळून घेताना धाकटा भाऊ नाथाजी म्हणाला होता, "आक्के, औंदा ओवाळणी तूच घाल. टेम्पोच्या कर्जाला जामीन ऱ्हा." पाटावर बसलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं? माहेर तुटेल. सुलाबाईंनी सही केली. नाथाजीचे हप्ते थकले आणि डाग जामीनदारालाही लागला.

मग कराडचा दिग्विजय उगवला. "मावशी, पंधरा दिवसांत नाव धुऊन देतो. तीस हजार आधी द्या. मोबाईलवर आकडे येतील, ते मला सांगा. आन् बँकेत जाऊ नका, काम बिघडंल."

एवढे पैसे नव्हते. सुलाबाईंनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं माझ्या अंगावर खडूनं फुली मारली. तिचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी दिग्विजय पैसे न्यायला आला. कुपवाडच्या कारखान्यात काम करणारी सुलाबाईंची लेक माया तेव्हा सुट्टीला आली होती.

"टेम्पोचं थकलेलं पैसं तू भरणार व्हय?" सुलाबाईंनी विचारलं.

"भरायचं कशाला? नोंदच पुसायची."

"खरी हाय ती नोंद. पुसायची कशी?"

"समदी पुसून घेत्यात, मावशी."

"गिरणीच्या दगडाला टाकीचं घाव घालून धार लावली की पयल्या पिठात दगडाची कच येती. ती पुसून जाती व्हय रं? ते पीठ गुरांना घालायचं आन् दळत ऱ्हायचं. तू कवा गिरणीत आलाच न्हाईस वाटतं."

"आमच्यात घरीच चक्की हाय."

"मग जा, तिचीच खटखट ऐक," माया म्हणाली.

थकलेल्या कर्जापायी पोलीस उचलतील, अशी त्यानं भीती घातली. सुलाबाई म्हणाल्या, "चल चौकीत, मी बी येते." तो एकटाच गेला. तीस हजार द्यायचेच नव्हते, म्हणून भंगारवाल्यालाही नको म्हणून कळवलं.

मायानं मोबाईलवर आईचा पत-अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात दोन डाग होते. एक खोटा होता: बचत गटाचं फेडलेलं कर्ज अजून बाकी दाखवलं होतं. पावती जोडून तक्रार केली, तो निघाला. त्यालाही पैसे पडले नाहीत.

दुसरा खरा होता. सुलाबाई नाथाजीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. "ओवाळणी माघारी न्यायला आलेय," म्हणाल्या. त्याची बायको चहा घेऊन आली, तो त्यांनी घेतला नाही. नाथाजीनं टेम्पो विकला. फायनान्सवाले म्हणाले, थोडं कमी भरा, मिटवून टाकू. सुलाबाई अडून बसल्या: अर्धवट मिटवलेलं अर्धवट म्हणूनच नोंदलं जातं. पूर्ण भरलं आणि बाकी नसल्याचा दाखला घेतला. मग गटाचं छोटं कर्ज घेऊन प्रत्येक हप्ता वेळेवर भरला. दीड वर्ष लागलं. पंधरा दिवसांत काही झालं नाही.

बँकेनं कर्ज दिलं. आता माझ्याशेजारी मिरचीचं यंत्र आहे आणि सगळी खोली शिंकते. नाथाजी दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. दोन भाऊबिजा तो आला नाही, तिसरीला लुगडं घेऊन आला. माया कुपवाडलाच आहे. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींचे अहवाल काढून देते. दिग्विजयनं नंबर बदलला. तिकडं तासगावच्या बाजूला नावं धुतो म्हणतात.

मित्रांनो, पत मळली तर लाजू नका आणि कुणाला धुवायला देऊ नका. आपला अहवाल आपण वाचा, खोटं खोडून घ्या, खरं फेडा. आणि तो दिग्विजय तुमच्या दारात आला, तर त्याला माझा पत्ता द्या. मी अजून बारीक दळते.