मेरी चेष्टा मत कीजिए

आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, म्हणून घरात मी "अहो" म्हणते. लिहिताना मात्र उल्हास म्हणणार आहे. तेवढी मोकळीक घेते.

उल्हास बँकेतून रिटायर झाला आणि पूर्णवेळ नट झाला. लखनऊमध्ये हल्ली बारा महिने शूटिंग चालतं. हिरो मुंबईहून येतात. डॉक्टर, वकील, हेडमास्तर इथलेच घेतात. उल्हास नऊ वेळा डॉक्टर झालाय. नऊही वेळा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन त्याने "आय ॲम सॉरी" म्हटलंय, आणि एकाही डॉक्टरला नाव नव्हतं. आमच्या महानगर कॉलनीतल्या भाजीवाल्याने एकदा त्याला ओळखलं, तेव्हा आम्ही आनंदाने गरज नसताना दोन किलो मटार घेतले.

हेसुद्धा त्याला सुखासुखी मिळालेलं नाही. तीस वर्षांपूर्वी मिरजेहून बदली होऊन आलो, तेव्हा इथल्या नाटकवाल्यांनी त्याला सांगितलं, "आपकी हिंदी से पूना नहीं जाता." पुण्यात आम्ही एसटी बदलण्यापुरतेच गेलो होतो. पण उल्हासने मनाला लावून घेतलं. दातांत पेन्सिल धरून हिंदी पेपर वाचले, ख आणि ख़ यांच्यावर एक अख्खा उन्हाळा घातला. स्वतः सुधारला आणि मग मला सुधारायला घेतलं. "मेरेको नाही, मुझे." "खाली नाही, नीचे." भाजीवाल्यासमोर, शेजारणीसमोर, कुठेही.

त्यातला एक प्रसंग सांगायला हवा. पहिल्याच वर्षी त्याच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो. बायका माझ्या नथीवरून थट्टा करायला लागल्या. मी म्हणाले, "मेरी चेष्टा मत कीजिए." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कुठलं ठाऊक? सगळी खोली हसली. सगळ्यांत मोठ्याने उल्हास हसला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मज़ाक बोलो, मधू, मज़ाक." तेव्हापासून चारचौघांत मी मोजकंच बोलते. कॉलनीत मला शांत स्वभावाची समजतात. मिरजेतल्या माझ्या बहिणींना हे सांगितलं तर त्या पोट धरून हसतील.

तर यंदा उल्हासला मोठं काम आलं. वेब सिरीज, सहा सीन, लखनऊजवळच्या मलिहाबादला बदली झालेला मराठी बँक मॅनेजर. पात्राला नावही होतं, श्रीरंग. मराठी माणूस हवा म्हणून कास्टिंगवाल्या पायलने थेट फोन केला. उल्हासने संवाद वाचले, आणि डिरेक्टर राजेश डोकं खाजवत म्हणाला, "सर, आप तो पक्के लखनवी हैं. इसमें मराठी कहाँ है?" चार दिवस दिले. नाही जमलं तर मुंबईहून एकजण यायला तयारच होता.

घरी येऊन उल्हास आरशासमोर उभा राहिला आणि टीव्हीवरच्या मराठी हवालदारासारखं बोलायला लागला. मी म्हटलं, "असं कोण बोलतं हो?"

"मग कसं बोलतात?" त्याने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मला क्षणभर त्याची कीव आली.

पुढचे तीन दिवस त्याने मला एकदाही दुरुस्त केलं नाही. मी भाजीवाल्याला म्हटलं, "भैया, कल का दूधी एकदम कडू निकला, वो खाली का दिखाओ ना." तरी चकार शब्द नाही. अंगात ताप आहे का, म्हणून मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी कळलं. पडद्यामागे उभा राहून तो मोबाईलवर मला टिपत होता.

मी संतापले. "इतकी वर्षं जे पुसायला सांगितलंत, तेच आता चोरताय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मधू, मला दुसऱ्या कुणाचं येत नाही. हे काम गेलं तर मी पुन्हा बिननावाचा डॉक्टर."

 रात्री झोपण्याआधी मी त्याला नीट सांगितलं की वाक्याच्या शेवटी "ना" कुठे येतो आणि कुठे येत नाही.

चौथ्या दिवशी शूटिंगला तो मला सोबत घेऊन गेला. मलिहाबादच्या बागेत दशहरी आंब्याच्या झाडांखाली खुर्च्या टाकल्या होत्या. सीन असा, की मॅनेजर कर्जाचे कागद मागतो आणि बागवाले त्याची टर उडवतात. कागदावर ओळ होती, "मेरा मज़ाक मत उड़ाइए."

उल्हास म्हणाला, "मेरी चेष्टा मत कीजिए."

बागवाले झालेले नट खरोखर हसले. उल्हासने आवाज चढवला नाही. न हसणारा कुणी सापडतोय का, म्हणून तो एकेक चेहरा पाहत गेला.

 साहेबांच्या घरी मी अशीच बघत होते, आणि शेवटी ज्याच्यापाशी नजर थांबली तो उल्हास होता, हसणारा. मला वाटायचं, तेव्हा त्याचं लक्षच नव्हतं. त्याने सगळं पाहिलं होतं आणि तीस वर्षं जसंच्या तसं ठेवलं होतं.

"कट," राजेश म्हणाला. "सर, ये कहाँ से लाए? यही रखेंगे. एक और लेते हैं."

म्हणजे काम पक्कं झालं. उल्हास पाणी प्यायला माझ्या खुर्चीपाशी आला.

"मधू, चेष्टा नाही केली गं तुझी," तो हळूच म्हणाला. किती वर्षांनी तो हा शब्द आमच्या अर्थाने बोलला.

"मग तेव्हा का हसलात?"

 नऊ डॉक्टरांचं ते वाक्य त्याला या वेळी काही सुचलं नाही. पायलने हाक मारली आणि तो परत जागेवर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या टेकलाही बागवाले हसले. उल्हास एकेक चेहरा पाहत आला आणि कॅमेऱ्याच्या बाजूने त्याची नजर माझ्यापर्यंत पोचली.

मी हसले नाही.