आरशाला टांगलेला चाकाचा नट

मित्रांनो, मी चाकाचा एक जुना नट आहे. अंगठ्याएवढा, सहा कडांचा, वरून बंद टोपीचा आणि खालून निमुळत्या तोंडाचा. पोटात आटे आहेत, पण त्यांतले सुरुवातीचे तीन-चार कायमचे बिघडले आहेत. ज्या कामासाठी माझा जन्म झाला, ते काम मी जेमतेम चार वर्षे केले. उरलेले आयुष्य एका मोटारीच्या आरशाला दोरीने लटकून काढले. तुम्ही म्हणाल, असल्या निकामी नटाने आपली हकिकत कशाला सांगावी? सांगतो. कारण तुमच्यापैकी कुणीतरी कधीतरी घाईघाईने पाना हातात घेणारच आहे.

कारखान्यात लालबुंद सळईचा तुकडा तोडून, ठोकून मला घडवले. मग पोटात आटे पाडले आणि अंगावर चकचकीत मुलामा चढवला. आम्ही सोळा भावंडे एकाच निळ्या मोटारीच्या वाट्याला आलो, एका चाकाला चार. माझी जागा पुढच्या डाव्या चाकावर. ती मोटार एका बाईंनी घेतली. त्या गाडी चालवायला शिकवत. सगळे गाव त्यांना मावशी म्हणत असे, त्यांच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक होता आणि मावशींच्या पायाशी दुसरा. त्यांची उजवी टाच जमिनीवर आणि चवडा ब्रेकच्या बोटभर वर असे. तासभर गाडी फिरली तरी तो पाय तिथून हलत नसे.

मावशींची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी त्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नसत. जॅक लावायचा, चाक उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे, हाच पहिला धडा. त्यातही पाना त्या आपल्या मांडीवर घेऊन बसत.

"आधी बोटं, मग पाना," त्या म्हणत. "नट बोटांनी पाच फेरे गेला तर तो आपला. नाही गेला तर काढ आणि बघ का जात नाही ते. जोर कुणालाही करता येतो."

किती बोटे लागली म्हणून सांगू! शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, त्या सुईत दोरा ओवावा तशा मला बोल्टवर ओवायच्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी जन्मभर मुलांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. जॅक फिरवता फिरवता त्यांच्याच उठाबशा झाल्या. पोस्टमन, दूधवाला, पाठोपाठ शिकायला आलेल्या दोघी जावा. सगळ्यांनी मला फिरवले, आवळले, फडक्याने पुसले. ते माझे सुखाचे दिवस होते. आपण कुणाच्या तरी भरवशाचे आहोत, हे तेव्हा रोज जाणवायचे.

मग एके दिवशी मावशींची भाची शिकायला आली. अठरा वर्षांची, बोलण्यात चटपटीत, हाताला धीर नाही.

"मावशी, मला गाडी शिकायची आहे, पंक्चरचं दुकान नाही काढायचं," ती म्हणाली.

मावशी हसल्या आणि शेजारणीने हाक मारली म्हणून दोन मिनिटे फाटकाकडे गेल्या. तेवढ्यात भाचीने पाना उचलला, मला बोल्टवर तिरकाच ठेवला आणि सगळा भार टाकून ओढला. माझे आटे बोल्टच्या आट्यांवर चढले. असा कुईकुई आवाज झाला की मावशी फाटकापासून धावत आल्या. त्या रागावल्या नाहीत. मला काढायला त्यांना अर्धा तास लागला. बोल्टही बदलावा लागला. माझ्या जागी नवा भाऊ आला आणि दुसऱ्या दिवशी मी दोरीत ओवला जाऊन आरशाला लटकलो.

पुढे प्रत्येक शिकाऊ माणसाला मावशी मला दाखवत. "हा उतावळ्या. आमच्याच घरातल्या एका घाईबाईनं ह्याची ही गत केली." लोक हसत. मावशींच्या मनात काही वाकडे नव्हते, त्यांना तो धडा वाटायचा. पण भाचीने मला तिथे टांगलेले पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. ती पुन्हा शिकायला आली नाही. गाडी ती दुसरीकडे शिकली. मावशीकडे येणे-जाणे राहिले, हसणे-बोलणे राहिले, पण त्या गाडीत ती बसली की मागच्या सीटवर बसायची. बावीस वर्षे! आरशात मला ती दिसायची आणि तिला मी. मित्रांनो, कुणाच्या तरी चुकीची खूण बनून तिच्याच डोळ्यांसमोर लटकत राहणे, हे काम मी मागून घेतले नव्हते.

वर्षे सरली. मावशींची नजर अधू झाली, शिकवणी बंद पडली, गाडी शेडमध्ये गेली. आठ वर्षे मी धूळ खात होतो. उंदरांनी मागची सीट कुरतडली, टायर बसले, रिमला गंज चढला. मग शेडच्या मालकाने जागा रिकामी करायला सांगितली, शनिवारपर्यंत. मावशींनीही एकटे राहू नये, आपल्या घरी यावे, म्हणून भाची त्यांना न्यायला आली. तिचे घर शंभर किलोमीटरवर.

मावशी म्हणाल्या, "गाडी स्वतःच्या चाकांवर चालत येणार असेल तर तिच्यातून येते. नाहीतर तिला भंगारात दे आणि मला बसनं ने. ट्रकवर चढवून तिची वरात काढायची नाही."

भाची "बरं" म्हणाली आणि कामाला लागली. इंजिन दोन दिवसांत सुरू झाले. अडले ते चाकांपाशी. गंजलेल्या रिम सोडवल्या, त्यांतल्या दोन तर हातातच फाटल्या. त्या मापाच्या, चार भोकांच्या रिम आता कुणी बनवत नाही. मिळतात त्या पाच भोकांच्या. म्हणून तिने अडॅप्टर आणले. अडॅप्टर म्हणजे एक जाड गोल तबकडी. ती गाडीच्या चार बोल्टांवर बसवायची आणि तिच्यावरच्या पाच बोल्टांवर नवे चाक. बाहेरचे नट नव्या चाकांबरोबर आले होते. आतले सोळा मात्र आपले आपण शोधायचे होते.

आधी तिने माझ्या भावंडांना घासूनपुसून लावून पाहिले. त्यांच्या टोप्या तबकडीच्या वर डोकावू लागल्या आणि चाक नीट टेकेना. भावंडांची सद्दी संपली. आखूड नट हवे होते. भावंडांची अंगे गंजाने खाल्ली होती, बाहेरून जसाच्या तसा मी एकटाच होतो, म्हणून तिने आरशाची दोरी सोडली आणि मला तळहातावर घेतले.

"चल बाबा," ती हळूच म्हणाली, "आता तूच नमुना."

माझे आटे बिघडलेले, म्हणून सोबत मावशींच्या डब्यातला एक सुटा बोल्टही घेतला. पहिल्या दुकानातला नट बोल्टवर दोन फेरे गेला आणि अडला. पूर्वीची भाची असती तर तिथेच जोर लावला असता. आता तिने तो शांतपणे काढून परत दिला. आटे बारीक होते. दुसऱ्या दुकानात मात्र आखूड नट बोल्टवर सरसर फिरला.

"घ्या, लोण्यासारखा चाललाय," दुकानदार म्हणाला. त्याने बोल्ट हातात घेतला होता. मी काउंटरवर तोंड खाली करून पडलो होतो. माझ्याकडे कुणी बघितलेच नाही.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण नटाला वाचा कुठली?

तिने अडॅप्टर बसवले. सोळाही नट बोटांनी फिरवले, पाच-पाच फेरे मोजून, मग पाना लावला. मावशी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाचीने गाडी आवारात तीन चकरा फिरवून आणली आणि मावशी म्हणाल्या, "आता पुढचं डावं चाक काढ. आतले नट बघ."

चाक निघाले. भाचीने नटाला हात लावला आणि तो बोटानेच फिरला.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. शुक्रवारची दुपार कलली होती. "मी नीट लावले होते, मावशी," ती म्हणाली. "ह्या वेळी घाई नव्हती केली. खरंच नव्हती केली."

मावशींनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "उतावळ्याला दे इकडे. आणि पर्समध्ये काजळ आहे ना तुझ्या? तेही दे."

मावशींनी माझ्या निमुळत्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग नव्या नटावरून फिरवला. नंतर नव्या नटाच्या तोंडाला काजळ फासून तो भाचीला दिला. "बसव. आवळ. आता काढ."

नट बाहेर आला. त्याच्या तोंडावर एक बारीक रेघ तेवढी पुसली गेली होती. बाकी काजळ जसेच्या तसे.

"बघ," मावशी म्हणाल्या. "ह्याचं तोंड चेंडूसारखं गोल आहे. तबकडीतला खळगा नरसाळ्यासारखा सरळ उतरता, आपल्या उतावळ्याच्या तोंडासारखा. ह्यानं टेकायला हवं होतं सगळ्या अंगानं, हा टेकतोय एका रेघेवर. कितीही आवळ, सुटणारच. तुझा हात नाही चुकला गं. तोंडं जुळली नाहीत."

भाची रडली नाही, पण नाक मात्र दोनदा ओढले. आणि मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते कसे सांगू! तीस वर्षे मी तिच्या चुकीचा पुरावा होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या बाजूने साक्ष दिली.

ती तडक त्याच दुकानात गेली. या वेळी तिने मला काउंटरवर तोंड वर करून ठेवले. "आटे ह्या बोल्टचे, तोंड ह्याचं आणि उंची ह्याच्या निम्मी." दुकानदाराने मला उचलले, निरखले, "अरेच्चा, हे बघायचं राहिलंच" म्हणत खालचा खण उघडला. तिथे होते. आखूड, उघड्या डोक्याचे, माझ्यासारख्याच निमुळत्या तोंडाचे. घरी येऊन पुन्हा काजळ लावले. या वेळी तोंडभर रुंद पट्टा स्वच्छ पुसून निघाला. मावशींनी तो नट चष्म्याजवळ धरून पाहिला आणि मान हलवली. उरलेले पंधराही भाचीने तसेच एकेक करून तपासले.

शनिवारी सकाळी गाडी शेडमधून निघाली, स्वतःच्या चाकांवर. भाची स्टिअरिंगवर, मावशी शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी. मी पुन्हा आरशाला. "हा इथं नको असेल तर काढते," मावशी म्हणाल्या. "राहू दे," भाची म्हणाली, "नमुना आहे तो." मावशींची टाच जमिनीवर, चवडा ब्रेकच्या बोटभर वर. मी दोरीवर झुलत बघत होतो. गाव मागे पडले, पूल गेला, चढ गेला, तो पाय काही हलला नाही.

पन्नास किलोमीटर झाले. कुणी काही सांगितले नव्हते. भाचीने रस्त्याकडेची सपाट जागा पाहून गाडी थांबवली, जॅक काढला आणि एकेक चाक उतरवून आतले सोळा आणि बाहेरचे वीस, सगळे नट पुन्हा तपासले. आधी बोटे, मग पाना. चांगला तासभर लागला. मावशी थर्मासमधला चहा घेत नुसत्या बघत होत्या. एकही नट ढिला नव्हता.

तुम्ही कधी चाकाला हात लावाल तेव्हा आमच्या पोटातले आटे बघाच, पण आमचे तोंडही बघा. आम्ही कुठे आणि कसे टेकतो, ते आधी विचारा. अडलो तर जोर करू नका, थांबा. आणि कुणाच्या हातून आम्ही बिघडलोच, तर आम्हाला जपून ठेवा, पण त्या माणसाच्या डोळ्यांसमोर टांगू नका.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. थोड्या वेळाने मी खाली पाहिले. मावशींनी चपला काढल्या होत्या. दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून त्या बसल्या होत्या, ब्रेकपासून लांब. आणखी दोन वळणांनंतर त्यांना झोप लागली.